दोन मुहूर्तांमधली पंचवीस मिनिटं

॥ श्री ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ डिसेंबर २०२५

सौ. शांताबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

परवाच्या बैठकीत मी तुमच्याशी एक शब्दही बोलले नाही, नुसती हसत बसले. त्याचा राग आला असेल तर आधी तो काढून टाका. माझ्या स्वरयंत्रावरची गाठ गेल्या महिन्यात काढली आणि डॉक्टरांनी सक्त मौन सांगितलं आहे. उन्मेषनं ते तुम्हाला सांगायचं ठरलं होतं, पण तुमची शांभवी चहा घेऊन आली आणि आमचे चिरंजीव सगळंच विसरले. फोनवर मी नुसता श्वास घेणार, म्हणून हे पत्र. मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करणं मला जमत नाही. शाळेत गाणं शिकवण्यात जन्म गेला, हाताला खडूची आणि पेनाची सवय आहे. टपालाची चिंता नाही. उन्मेष आणि शांभवी दोघंही शिरोलीच्या एकाच कारखान्यात, पत्रं तेच पोचवतील. पाकीट खळ लावून चिकटवलंय, कारण पोस्टमन चौकस आहे.

घरात माझं बरं चाललंय. स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन बसते. केरवा वाजवला की चहा, झपताल वाजवला की जेवायला या, आणि एकच टोला म्हणजे जिथं असाल तिथं थांबा. आमच्या तात्यांना लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही केरवा आणि दादरा यातला फरक कळत नाही. चहा मागितला की पाणी येतं. तरी परवा दूधवाल्याला मी ताटावरूनच उद्यापासून अर्धा लिटर जास्त घाल असं समजावलं आणि त्याला समजलंसुद्धा, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता मुद्द्याचं. आमच्या घरातल्या लग्नांत मंगलाष्टकं मी म्हणते. चार लिहून नेते आणि बाकीची तिथंच उभ्या उभ्या जुळवते, कारण मुहूर्त यायचा असतो आणि गुरुजी हातानं अजून वेळ आहे असं खुणावत असतात. पोटच्या मुलाच्या लग्नात मात्र माझा गळा बंद. शांभवी म्हणत होती की गावात कुणाचंही बारसं असलं तरी पाळणा तुम्हीच जुळवून म्हणता. तर विहीणबाई, यंदा मंगलाष्टकं तुम्ही म्हणावीत. नाही म्हणायचं असेल तर सविस्तर कारणांसह कळवावं, म्हणजे मला ती खोडून काढता येतील.

लोभ नवा आहे, तो जुना होईपर्यंत सांभाळावा, ही विनंती.

आपली,
माई हेर्लेकर

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गडमुडशिंगी
१४ डिसेंबर

ती. माईंना,
शांतव्वा शेटेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

राग आलाच होता, खोटं कशाला सांगू. बैठकीतून निघाल्यावर गाडीत आमचे मालक म्हणाले की बाई लई शिष्ट दिसतीया, पोरीला घास मोजून वाढंल. मी म्हटलं, तसं असलं तर मी हाय की. तुमचं पत्र वाचून दोघंही वरमलो. मालक आता दुकानात खताच्या पोत्यावर चमचा वाजवून चहा मागतात आणि आमच्याकडचा ज्ञानू त्यांना दुरुस्त करतो.

मला शांताबाई नका म्हणू, शांतव्वा म्हणा. माझं माहेर संकेश्वर, शाळा कानडी, मराठी लिहायला मी सासरी आल्यावर शिकले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवू नका, तुमच्या शाळेतलं मी पोर नव्हे.

मंगलाष्टकांचं वाचून आधी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. पाळण्याचं काय, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मी ते धरून पुढं जाते. लग्नात मी सोबाने म्हणते, ती कानडी गाणी आईकडून आलेली. त्यात नवऱ्याकडच्यांची उणीदुणी काढायची मुभा असते, ते मला छान येतं. पण तुमच्या अष्टकांची चाल ताठ, मोजून मापून. एक अक्षर इकडंतिकडं झालं की शहरातले लोक हसतील, आणि लग्न माझ्याच पोरीचं. तरीपण कारणं खोडायची तुमची एवढी हौस आहे तर मीच एक सोय करते. शिकवा मला. नाही आलं तर दोष मास्तरीणबाईंचा.

राहिलं मुहूर्ताचं. आमच्या मठातल्या स्वामींनी बारा वाजून पाच मिनिटं काढलीत, तुमचे गुरुजी साडेबारावर अडून आहेत. मालकांचं म्हणणं, स्वामींचा शबुद मोडायचा न्हाय. बैठकीत आवाज चढला तेव्हा तुम्ही एकट्याच गप्प होता, आता कळलं का ते. बघा तुमच्याकडून काही होतंय का.

सोबत शेंगदाण्याची चटणी आणि काकवी पाठवते. गोड खाल्लेलं घशाला चालतं का ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर तात्यांना द्या.

तुमच्या मायेची वाट बघणारी,
शांतव्वा

॥ श्री ॥

कोल्हापूर
२७ डिसेंबर

प्रिय शांतव्वा,
स. न. वि. वि.

काकवी तात्यांपर्यंत पोचू दिली नाही. चटणी मात्र त्यांनी पळवली.

धडा पहिला. या वृत्ताचं नाव मोठं आहे, म्हणून ते सांगतच नाही. चाल तुमच्या कानात आहे, आयुष्यभर अक्षता टाकताना ऐकली आहे. त्या चालीत देव आणि नद्या आणि पर्वत बसवतात म्हणून ती ताठ वाटते. तिच्यात घरातलं काहीही बसवा, लगेच मऊ होते. परवा बेल वाजली, दारात तात्यांचे मित्र उभे. मी तोंडातल्या तोंडात जुळवलं:

आली चारजणं घरात बहुधा, चाहा हवा त्यांस की

म्हणून बघा, अक्षता टाकावीशी वाटेल. आता तुमचा गृहपाठ. रोज एक ओळ, समोर जे असेल त्याच्यावर. कुकर, खताचं पोतं, मालक, काहीही. जुळली नाही तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी नवी. वहीत लिहून ठेवायची नाही, कारण लिहिलेल्या ओळीवर माया बसते आणि मग माणूस तिलाच धरून बसतो. शाळेत मी मुलांना हेच सांगायचे की चुकलं तर थांबू नका, चुकीवरून पुढं जा, ऐकणाऱ्याला वाटेल तसंच होतं.

मुहूर्ताचं अवघड आहे. गुरुजी आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. त्यांच्यापुढं तात्यांची बोलायची टाप नाही, आणि माझ्या ताटाला ते दाद देत नाहीत.

आता जे लिहिते ते तुमच्याजवळच राहू द्या. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मौन सोडायला परवानगी दिली. हळूहळू बोला म्हणाले, सूर मात्र पूर्वीचा येईल असं समजू नका. मी बाथरूममध्ये नळ सोडला आणि सा लावून बघितला. शांतव्वा, ती मी नव्हे. पुरुषासारखा खाली गेलेला, खरखरीत, कुणी परकीच बाई माझ्या घशातून बोलत होती. उन्मेष लहानपणी ताप आला की औषध घ्यायचा नाही, मी गाणं म्हणत बसले की झोपायचा. त्या मुलाला हा आवाज कसा ऐकवू? त्याला माझा आवाज ओळखूच आला नाही तर मला ते सोसायचं नाही. म्हणून मी घरात कुणालाच काही सांगितलेलं नाही. लग्न होईपर्यंत ताट आणि चमचा. मी गायची ती गायले, एवढं समजून चालले आहे.

गृहपाठ पाठवावा. लोभाला सुटी देऊ नये.

तुमची,
माई

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गडमुडशिंगी
९ जानेवारी २०२६

ती. माईंना,
शांतव्वाचा नमस्कार. वि. वि.

आधी गृहपाठ. परवा ज्ञानूला मालकांनी काम सांगितलं आणि स्वतः गायब झाले. गिऱ्हाईक खोळंबलेलं, ज्ञानू माझ्या तोंडाकडं बघतोय, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं:

गोणी चार भरून ठेव म्हणुनी सांगून गेला कुठं

ज्ञानू म्हणाला, काकी, शुभमंगल सावधान. गिऱ्हाइकानं हातातले दोन दाणे युरिया माझ्यावर टाकले. माई, मला येतंय! नवऱ्याला एकेरी बोलावं लागलं, पण चालीसाठी तेवढं केलं. आता सुटतच नाही. भाकरी थापताना येतं, उचगावच्या रस्त्यावर गाडी अडकली की येतं. काल मठात स्वामी बोलत असताना आलं आणि तोंडावर पदर धरावा लागला.

चुकीवरून पुढं जा म्हणालात, ते मला पटलं, कारण माझ्यावर एकदा तशी पाळी आली होती. शेजारच्या चिमणाबाईच्या नातवाचं बारसं. नाव मल्लेश ठरलेलं, मी पाळणा त्या नावावर जुळवून तयार. आत्यानं कानात सांगितलं ते भलतंच, वीरेश. दोन घरांत तिथंच कुजबूज सुरू झाली, भांडण पेटणार असं दिसत होतं. मी पहिल्या कडव्यात बाळाला मल्लेश म्हटलं, दुसऱ्यात वीरेश, आणि तिसऱ्यात म्हटलं की ज्याला हाक मारायला दोन घरं भांडतात तो नशीबवान. हसले सगळे. आज त्या पोराला आजोळी एक नाव आहे आणि घरी एक.

आता तुम्हाला बोलणार आहे, राग आला तर ताट वाजवा. आवाज बदलला म्हणून लपून बसायचं, हे मास्तरीणबाईंना शोभतं का? मला म्हणता लिहिलेल्या ओळीवर माया नको, आणि स्वतः जुन्या गळ्याला धरून बसलाय. मला संगीतातलं कळत नाही, पण हे कळतं. तुमच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते, म्हणून जास्त बोलत नाही. पण बोलले.

मुहूर्ताचं मनाला लावून घेऊ नका. त्याचं मी मनाशी ठरवलंय. आता विचारू नका, पत्रिका हातात पडली की कळेल.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
शांतव्वा

॥ श्री ॥

कोल्हापूर
२४ जानेवारी

शांतव्वा,
नमस्कार. पुढचं सगळं गडबडीत लिहिते.

आत्ताच उन्मेषनं तुमच्याकडची पत्रिका आणून दिली. मी वाचली आणि ताटावर असा टोला हाणला की शेजारीसुद्धा होते तिथंच थांबले. तुम्ही साडेबारा छापलंत! आमच्या गुरुजींचा मान ठेवायला मालकांना राजी केलंत, आणि मला न कळवता. केवढं मोठं मन तुमचं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच घाम फुटला. कारण मीही तेच केलं आहे. मुलीकडचा शब्द राहावा, तुमच्या स्वामींचा मान राहावा, म्हणून मी तात्यांच्या हाती चिठ्ठी देऊन आमच्या पत्रिकेवर बारा वाजून पाच मिनिटं छापायला लावलं. तुम्हाला चकित करायचं म्हणून आमची पत्रिका शेवटी पाठवणार होते. ती सोबत आहे, बसून उघडा.

तेव्हा आता आमचे पाहुणे तुमच्या स्वामींच्या वेळेला येणार आणि तुमचे पाहुणे आमच्या गुरुजींच्या वेळेला. बिद्रीपासून संकेश्वरपर्यंत पत्रिका वाटून झाल्या आहेत. फोन करून वेळ बदलली असं कळवावं, तर कुणाची बदलायची? तात्या गुरुजींकडे जाऊन आले. मुलीकडच्यांनी माझी वेळ छापली म्हटल्यावर आता ती हलणार नाही म्हणाले. तुमचे स्वामीही तेच म्हणतील. बारा-पाचला लग्न लागलं तर तुमची माणसं अक्षता न टाकता जेवतील आणि जन्मभर बोलतील. साडेबाराला लागलं तर आमच्या सगळ्या आत्या पंचवीस मिनिटं उभ्या राहून आधी पायांचा आणि मग तुमचा उद्धार करतील.

मान देण्याच्या नादात आपण दोघींनी लग्नाचा बोजवारा उडवला. हसावं की रडावं कळत नाही. दोन्ही आवाज न काढता करावं लागतं आहे.

लवकर लिहा.
माई

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गडमुडशिंगी
२६ जानेवारी

ती. माईंना,
नमस्कार.

पत्रिका बसूनच उघडली, तरी खुर्चीवरून पडायची राहिले. मालक कपाळाला हात लावून म्हणाले की आता पावण्यांस्नी दोनदा जेवाय घाला. ज्ञानूनं विचारलं की लग्नपण दोनदा का. मी दिवसभर दुकानात बसून विचार केला. संध्याकाळी चिमणाबाई आली, तिला सांगताना तोंडातून निघालं की एका पोराला दोन नावं देऊन झाली, एका लग्नाला दोन मुहूर्त का नकोत?

तर असं करायचं. बारा-पाचला पहिली अक्षता पडेल. साडेबाराला अंतरपाट निघेल आणि हार पडतील. मधली पंचवीस मिनिटं मंगलाष्टकं चालूच. स्वामी म्हणतील आपल्या वेळेला लग्न सुरू झालं, गुरुजी म्हणतील आपल्या वेळेला लागलं, दोघंही खरं बोलतील. तुमच्या आत्यांना उभं राहून ऐकायला गाणं आहे, माझे पाहुणे येतील तेव्हा अक्षता चालू आहेत. मी काल स्वतः स्वामींना सांगून आले. ते आधी गंभीर झाले आणि मग त्यांना इतकं हसू आलं की शाल सावरावी लागली. व्हय म्हणालेत. गुरुजींकडं तुम्ही ताट घेऊन जा.

पंचवीस मिनिटं मात्र कुणी ऐकलेली नाहीत. तुमची चार लिहिलेली, माझी चार होतील, ती दहा मिनिटांत संपतील. पुढचं जे दिसेल ते. मला भीती वाटते का विचारा. वाटते. पण शिकवलंय तुम्ही, आणि मी काही कच्ची नाही. एकच अट. तुम्ही माझ्या शेजारी ताट घेऊन बसायचं. केरवा म्हणजे वेळ आहे, चालू दे. झपताल म्हणजे आवरतं घे. एक टोला म्हणजे सावधान. घड्याळ तुमचं, तोंड माझं.

आपल्या चुकीवर माझा लोभ जडला आहे, तुमचाही असावा.

शांतव्वा

॥ श्री ॥

कोल्हापूर
१२ फेब्रुवारी

प्रिय शांतव्वा,
स. न. वि. वि.

गुरुजी तयार आहेत. मी ताट नेलं नाही, तुमचं पत्र नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विहीणबाई पंचांग पाहतात का असं विचारलं.

तुम्ही माझ्या गळ्याबद्दल रागावलात त्यावर मी अजून उत्तर दिलेलं नाही, तुमच्या लक्षात आलंच असेल. रागावले नाही. रोज नळ सोडून सा लावते, अजूनही परकीच बाई येते. परवा मात्र तिच्याशी थोडी ओळख झाली. खालच्या सुरांत ती ठाम उभी राहते, तिथं मला पूर्वी कधी नीट उभं राहता आलं नव्हतं. पण उन्मेषपुढं नाही. त्याच्या लग्नात माझ्याकडून ताट तेवढं वाजेल, आणि ते चोख वाजेल, याबद्दल निश्चिंत असावं.

उचगावच्या मंगल कार्यालयात भेटूच. घसा सांभाळा, आता आपल्या दोघींत तो एकच आहे.

तुमची,
माई

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गडमुडशिंगी
२४ फेब्रुवारी

ती. माईंना,
शांतव्वाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा आपण दोघी एकाच स्टेजवर होतो, पण मी समोर बघत होते आणि तुम्ही घड्याळाकडं. म्हणून माझ्या बाजूनं दिसलेलं लग्न तुम्हाला लिहून पाठवते. पोर गेल्यावर घर इतकं शांत झालंय की काहीतरी करायलाच हवं.

बारा-पाचला स्वामींनी हात वर केला आणि मी सुरू केलं. तुमची चार झाली, माझी चार झाली. घाबरल्यामुळं मी इतकी पळत सुटले की आठही सहा मिनिटांत संपली. तुमच्याकडं बघितलं, तुम्ही आपल्या केरवा वाजवताय, चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. तेवढ्यात माझा भाऊ जेवणाच्या हॉलकडं सटकताना दिसला आणि मला ओळ मिळाली:

मामा, जेवण राहु दे क्षणभरी, टाका पुन्हा अक्षता

सगळा हॉल मागं वळून बघायला लागला, भाऊ परत येऊन निमूट उभा राहिला. मग मला भीती उरलीच नाही. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली यायला लागले, त्यांच्यावर म्हटलं:

हाती अंतरपाट घेउन उभे दोघे जरी वाकले

दोघं लगेच ताठ झाले. फोटोवाल्यावर झालं, पंख्यावर झालं, अक्षता खाणाऱ्या पोरावर झालं. माझे पाहुणे तोवर आत आले, त्यांना वाटलं आपण वेळेवर पोचलो. मग लोकच नावं ओरडायला लागले. चिमणाबाई मागून म्हणाली, माझं नाव ऱ्हायलं की गं. तिला घेतलं तर तुमच्या आत्या रुसल्या, त्यांनाही घेतलं. नवऱ्याकडच्यांची उणीदुणी काढायची होती तीही तुमच्या चालीत बसवून काढली. तात्यांनी केरवा-दादऱ्याचा स्वतःवरचा चरण ऐकला आणि उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या.

शेवटी मात्र मी फसले. ओळ शोधायला खाली बघितलं, तर अंतरपाटाखालून शांभवीची पावलं दिसली. डाव्या पायाचा अंगठा वर-खाली, वर-खाली. लहानपणी परीक्षेला जायच्या आधी ती असंच करायची. पुढची ओळ आलीच नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही. तेव्हा मला कळलं, माई, तुम्ही तीन महिने कसे काढलेत ते. तुमचं ताट चालूच होतं, अजून दोन-तीन मिनिटं होती, सगळे माझ्याकडं बघत होते. मी दुसरं काही ठरवलं नव्हतं. माईक तुमच्या हातात कोंबला आणि ताट ओढून घेतलं.

त्यापुढचं मी कसं लिहू? मला एवढंच आठवतं की तुम्ही डोळे मिटले आणि जमिनीतून यावा तसा आवाज आला. एक सबंध अष्टक, सावकाश, एकेका शब्दावर थांबत. शेवटची ओळ मला पाठ झाली आहे:

दोन्ही वेळ मिळून एक घटका, कुर्यात् सदा मंगलम्

मी टोला दिला, साडेबारा झाले, अंतरपाट निघाला. मालक रडत होते. माझ्या माहेरची माणसं मला विचारत होती की ही बाई कोण, कुठं गाते.

तुमचा मुलगा काय म्हणाला ते कळवा. त्यानं काय म्हणावं असं तुम्हाला वाटत होतं ते मला माहीत आहे, म्हणून इथं जीव टांगणीला लागलाय. आणि शांभवी चहा किती साखरेचा घेते ते विसरली नाहीत ना?

लेक दिलीच आहे, लोभ काय वेगळा मागायचा.

तुमची,
शांतव्वा

॥ श्री ॥

कोल्हापूर
२७ फेब्रुवारी

प्रिय शांतव्वा,
स. न. वि. वि.

शांभवी दीड चमचा साखर घेते आणि केरवा पहिल्याच दिवशी ओळखला. तात्यांची इतक्या वर्षांची नोकरी गेली.

तुम्ही माईक दिलात तेव्हा मी तुमच्यावर मनातून चिडले होते, हे सांगून टाकते. मग तुमच्या तोंडाकडं पाहिलं आणि चिडायला वेळ उरला नाही. गुरुजींचं बोट घड्याळावर, स्वामींची नजर माझ्यावर. वरचा सूर नाही हे ठाऊक होतं, म्हणून खाली उतरले, जिथं ती नळाखालची बाई उभी राहते तिथं. आधी काही ठरलेलं नव्हतं. एक शब्द म्हणताना पुढचा दिसत होता, तेवढाच. जुन्या गळ्यानं मी भराभर ताना घेतल्या असत्या आणि लोकांनी वा वा केलं असतं. या गळ्याला घाई जमत नाही. शांतव्वा, मला गाताना इतकं बरं फार वर्षांत वाटलं नव्हतं.

आता उन्मेषचं. गृहप्रवेश झाला, सगळे चहाला बसलो. सगळ्यांनी आपापल्या पाहुण्यांची चेष्टा केली. मी अजून गप्पच होते, हातात चमचा. उन्मेष मधेच शांभवीला म्हणाला की तुझ्या संकेश्वरच्या त्या मावशींना भेटायचं राहून गेलं. तिनं विचारलं कोणत्या. तो म्हणाला, शेवटचं अष्टक म्हणणाऱ्या, भारी आवाजाच्या. अंतरपाटामुळं दिसल्या नाहीत, पण त्यांचं ऐकताना अंगावर काटा आला. पुढच्या वेळी गेलो की त्यांच्या पाया पडायचंय.

ज्याला मी दोन महिने भीत होते ते नेमकं तसंच झालं, मुलानं आवाज ओळखला नाही. आणि मला सोसलं. सोसलं कसलं, आनंदच झाला. माझा मुलगा माझ्याकडे बघून नव्हे, नुसतं ऐकून एका नव्या बाईवर खूश झाला होता. आयुष्यभर त्यानं माझं गाणं आई म्हणून ऐकलं. हे पहिल्यांदाच गाणं म्हणून ऐकलं.

तात्यांनी सांगायला तोंड उघडलं. मी ताटावर एक टोला दिला, ते थांबले. सगळे थांबले. मी चमचा खाली ठेवला आणि त्याच खालच्या सुरात म्हटलं:

झाला सूर नवा, जुनीच पण ही आई तुझी रे मुला

कप त्याच्या हातातच राहिला. तो माझ्याकडं बघत होता, लहानपणी तापात बघायचा तसा. मग उठला, त्या संकेश्वरच्या मावशींना करायचा नमस्कार मला केला, आणि रडवेल्या आवाजात म्हणाला की पुन्हा म्हण.

मी दुसरीच ओळ म्हटली.

आता मला बोलता येतं, म्हणून फोनचं निमित्त करून पत्रं बंद कराल तर खबरदार. लोभ ठेवा असं यापुढं लिहिणार नाही. कुठं ठेवलाय ते मला माहीत आहे.

तुमची,
माई